गाण्याखालचा आवाज

आमच्या घरात कॅमेरा मिस्टरांचा आणि कापाकापी माझी. लग्नं ते शूट करतात, एडिटिंग मी करते, वारूळवाडीच्या घरातल्या मधल्या खोलीत बसून. त्यामुळे कंप्युटरमध्ये काय घालायचं ते मीच ठरवणार, यात वादाला जागाच नव्हती. मिस्टरांनी ती शोधून काढली.

झालं असं, की त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि राजुरीचं एक लग्न त्यावर केलं. त्या जड फाइली आमच्या जुन्या कंप्युटरला पेलेनात. चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. बघू सवडीने, म्हणून मी ते लग्न बाजूला ठेवलं. महिनाभरात नवरीचे वडीलच गेले. तिचा फोन आला, "ताई, दहाव्याच्या आत द्याल का? आईला अण्णांना बघायचंय." मी हो म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या कंप्युटरचे भाग घ्यायला पुण्याला गेलो. दुकानदाराने आधी काचेचं कॅबिनेट पुढं सरकवलं, आत लाल-निळे दिवे फिरत होते. मिस्टर लगेच पाघळले. "लई भारी दिसतंय राव. गिऱ्हाइकावर छाप पडंल."

"नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा," मी म्हणाले. "मला साधं जाळीचं दाखवा."

मग त्याने गेम खेळणाऱ्यांचं ग्राफिक्स कार्ड काढलं. मला कुठं गेम खेळायचाय? मला या कॅमेऱ्याच्या फाइली न अडखळता चालवणारा प्रोसेसर हवा होता, भरपूर रॅम, आणि दोन एसएसडी, एक कामाला आणि एक मूळ फुटेज जपायला. कार्ड मधलं चालणार होतं. सगळ्यात भारी घेतला तो पॉवर सप्लाय, सोबत यूपीएस.

"ताई, एवढा भारी कशाला?"

"आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाइट आली की शिवारातल्या पाण्याच्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात. घरातला बल्ब पार मान टाकतो. पुण्यात बसून तुम्हाला ते नाही कळायचं."

त्याने तो बिलात लिहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी दिवाणावर सगळं मांडून मीच जोडलं. फुटेज कॉपी होत असतानाच थ्री फेज आली, मोटारी सुरू झाल्या, बल्ब मिणमिणला. यूपीएस दोनदा ओरडला, पण कंप्युटर चालूच. मिस्टर म्हणाले, "बरं बाई, तुझंच खरं."

मग मी नेहमीसारखी फिल्म केली. आमच्याकडच्या लग्नात माइक म्हणजे डोक्याला ताप. अक्षता पडेपर्यंत आल्यागेल्याचे सत्कार चालतात. तो सगळा आवाज मी उडवते आणि वर गाणं घालते. इथंही घातलं. अण्णांचे सगळे चांगले शॉट निवडले होते, माझं काम मलाच आवडलं होतं.

नवरी आईला घेऊन बघायला आली. थोडं बघून म्हणाली, "ताई, गाणं बंद करा ना. अण्णा माइकवर कायतरी बोलत्यात."

मी गाणं काढून मूळ क्लिप लावली. फेटा बांधलेले अण्णा माइक धरून सांगत होते, "पावणं, जेवल्याबिगर कुनी जायाचं न्हाई. राजुरीकर, तुमी मागनं बसा, आधी पावण्यांना बसू द्या."

आई पडद्याजवळ सरकली. ती म्हणाली, "सगळ्यांला जेवा म्हनत व्हते. सोता सकाळधरनं उपाशी. कन्यादानाचा उपास व्हता त्यांचा."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तेवढंच परत लाव, बाई."

मी परत लावलं. पुन्हा लावलं. ती सांगेल तितक्यांदा लावलं. कंप्युटर एकदाही अडखळला नाही. मलाच पडद्याकडं बघवेना.