काट्यावरची अक्षत

हे मी आजवर कुणाकडेच बोललेलो नाही. बायकोकडे नाही, मंगेशकडे तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काकूंना ओळखत नाही — त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या हातचं जेवत नाही. मी जेवतो. अजूनही.

काडतुसांपासून सुरुवात करतो. ते सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

मंगेश माझा कॉलेजपासूनचा मित्र, दिंडोशीला आई आणि बायकोबरोबर राहतो. आजोबांची शिकारी रायफल परवान्यासकट वारशाने त्याच्याकडे आली. शिकार आता कुठली? रेंजवर जाऊन कागदी निशाणावर नेम धरायचा, एवढंच. पण त्या जुन्या रायफलीची काडतुसं बाजारात मिळेनात, तेव्हा रीतसर परवानगी काढून तो ती घरीच भरायला शिकला. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. मलाही नाद लागला. सुट्टी आली की जोगेश्वरीहून मी त्याच्याकडे हजर.

मी नवशिका, म्हणून माझ्याकडे काटा दिला होता. दारू तोलायचा छोटा, नाजूक काटा. सामान मांडलं की त्याच्यासोबत आलेलं पक्कं वजन पारड्यात ठेवायचं आणि काटा खरं बोलतोय ना, ते बघायचं. माझं काम एवढंच. आणि मंगेश ते दर वेळी विचारायचा — काटा तपासलास? टोपी बसवताना विचारायचा, चहा पिताना विचारायचा. पोराला दप्तर भरलंस का विचारावं, तसं. मला त्याचा राग यायचा. आज लिहिताना हे कारण किती फुसकं वाटतंय! पण खरं तेच आहे, दुसरं मोठं काही नव्हतं.

त्या वर्षी खंडेनवमीला काकूंनी, म्हणजे मंगेशच्या आईने, नेहमीसारखी रायफलीची पूजा केली. सोबत आमची हत्यारंही मांडली. पुंगळ्या दाबायच्या यंत्राला झेंडूची माळ, काट्याला हळदकुंकू आणि अक्षता. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मी सामान मांडलं. मंगेशने विचारलं, मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं.

"हो रे बाबा, तपासला ना! किती वेळा सांगू यार?"

नव्हता तपासला. वजन डबीतून काढलंसुद्धा नव्हतं. विचार केला, बघू जेवण झाल्यावर. मग श्रीखंड-पुरी झाली, गप्पा झाल्या, आणि आम्ही थेट दारू भरायला बसलो. काट्याच्या दांडीवर, वजनाच्या बाजूला, ओल्या कुंकवात चिकटलेली एक अक्षत वाळून बसली होती, ती तेव्हा कुणालाच दिसली नाही. म्हणजे प्रत्येक पुंगळीत दारू मापापेक्षा जास्त. मंगेशचं माप तसंही सुरक्षित मर्यादेच्या वरच्या टोकाजवळचं असायचं, आणि रायफल आजोबांच्या वेळची.

रेंजवर पहिलाच बार मंगेशने केला. पुंगळी मागून फाटली, धूर आणि धातूचा कपचा चष्मा फोडून आत गेला. उजवा डोळा वाचला म्हणायचं, पण त्याला त्यातून फक्त उजेड कळतो.

तुम्ही म्हणाल, इथे सांगून टाकायचं होतं. हो. पण माझा खरा गुन्हा अजून पुढेच आहे.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर मंगेशने उरलेली काडतुसं उघडून तोलली आणि काटा उजेडात धरला. अक्षत सापडली. तो माझ्याकडे वळला. "तू तपासलास तेव्हा बरोबर होता ना?" आवाजात संशय नव्हता हो. तो फक्त विचारत होता. आणि मी म्हणालो, "एकदम बरोबर होता."

मग अक्षत आली कुठून? आम्ही जेवत असताना काकूंनी पुन्हा पूजा केली असणार — दुसरं काय? हे मंगेश म्हणाला. मी मान हलवली. काकू दारातच उभ्या होत्या. "अरे, मी आदल्या दिवशीच वाहिल्या अक्षता. दसऱ्याला मी हातसुद्धा नाही लावला." ठाम बोलल्या. वहिनी, म्हणजे मंगेशची बायको, हळूच म्हणाली, "आई, विसरला असाल." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "लावलाही असेल रे. आठवत नाही."

त्यांना सगळं नीट आठवत होतं. त्या घरात खरं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि मी त्यांच्याकडून ते काढून घेतलं. मुलाचा डोळा आपण घालवला, असं त्या समजतात. मंगेश कधी त्यांना बोलला नाही, तो स्वतःलाच बोलतो — जेवल्यावर काटा पुन्हा बघायला हवा होता म्हणून. पण घरात सगळे हळूहळू काकूंना जपू लागले. आधी औषधं वहिनीने स्वतःकडे घेतली. मग बँकेची कामं, मग देवापुढचं निरांजन. आता त्या एकट्या खालीसुद्धा उतरत नाहीत. सगळ्यांनी इतकं सांभाळल्यावर माणूस खरंच चाचपडायला लागतो. मला हे समोर दिसत होतं, आणि तरी मी बोललो नाही. मंगेशची मैत्री जाईल, ही भीती होती. आजही आहे.

गेल्या रविवारी गेलो होतो. काकूंनी माझ्यासाठी चहा केला, वहिनी शेजारी उभी राहून बघत होती. कप माझ्या हातात देऊन काकू बसल्या, आणि लगेच कावऱ्याबावऱ्या झाल्या. "गॅस बंद केला का रे मी? तू जरा बघून ये ना. तू बघितलंस की मला बरं वाटतं, तू सगळं नीट तपासतोस."

मी आत गेलो. गॅस बंद होता. तो नेहमी बंदच असतो.

बाहेर येऊन मी त्यांना तेवढंच सांगितलं.