रोमन भिंतीजवळचं ओसाड देऊळ आणि आमचे पाच टाक

दादाचा फोन आला नसता तर आम्ही इतक्या लांब उत्तरेला गेलो नसतो. वहिनी गेल्यापासून दादा गावच्या घरात एकटाच राहतो. आता तो लेकीकडे राहायला जाणार, म्हणजे देवघरातल्या पाच टाकांचं काय करायचं, हा प्रश्न आला. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले हे आमच्या कुळाचे देव. रोजच्या स्नानानं त्यांचे चेहरे पार गुळगुळीत झालेत.

"लेकीच्या सासरी आपले देव कसे न्यायचे?" दादा म्हणाला. "आपल्या गावचा बापू पुढच्या आठवड्यात लंडनला येतोय. तू सांभाळणार असशील तर त्याच्याजवळ देतो. नाहीतर नदीत सोडतो. पण तुलाही एक लेकच. तुझ्यानंतर काय?"

मी रविवारपर्यंत सांगतो म्हणालो. त्याच आठवड्यात इंग्लंडमध्येच वाढलेल्या माझ्या केतकीला शाळेची हाफ-टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी होती. ती ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, प्राचीन इतिहास शिकते आणि उत्तरेतली रोमन भिंत तिला बघायची होती. मलाही विचार करायला वेळ हवा होता, म्हणून इस्पितळातल्या लॅबमधून मी दोन दिवस रजा काढली.

शुक्रवारी सकाळी सहाला नॉटिंगहॅमचं घर सोडलं. एम-वन महामार्ग, मग ए-वन, आणि डार्लिंग्टनपासून ए-सिक्स्टीएट. हा शेवटचा रस्ता झोपाळ्यासारखा वर-खाली जातो, पोट रिकामं ठेवूनच निघा. मेथीचे ठेपले आणि थर्मासमधला चहा बरोबर होता, त्यामुळे सर्व्हिस स्टेशनचं महागडं सँडविच वाचलं. पुढे भिंतीला समांतर जाणारा सरळसोट रस्ता लागतो. मे महिना असूनही वारा असा, की गाडीचं दार उघडायला खांदा लावावा लागला.

भिंतीबद्दल सगळे लिहितात, म्हणून मी कॅराबरोच्या देवळाबद्दल लिहितो. रस्त्यालगत गाडी लावायची, छोटं फाटक उघडायचं आणि मेंढ्यांमधून पाच मिनिटं उतरायचं. खोलगट दलदलीत गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती दिसतात. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळाएवढंच मंदिर. समोर तीन वेद्या, दोन्ही बाजूंना बसायचे ओटे.

"हे मिथ्रासचं," केतकी म्हणाली. "फक्त पुरुषांना एंट्री. सोल्जर्सचा देव."

इथल्या ठाण्यातली पलटण ऱ्हाईन नदीच्या मुखाकडून आलेली, देव त्याहून कितीतरी पूर्वेचा, आणि राज्य रोमचं. वेदातला मित्र आणि हा मिथ्रास दूरचे नातलग असावेत असं अभ्यासक म्हणतात. सूर्यनमस्काराचं पहिलं नाव 'मित्राय नमः' मी गावच्या शाळेच्या अंगणात रोज म्हटलंय. ते नाव अशा गारठ्यात, चिखलात भेटेल असं वाटलं नव्हतं.

मी उंबऱ्यापाशी बूट-मोजे काढले.

"बाबा, तू काय करतोस? लोक बघतात!"

लोक म्हणजे कुत्रा घेऊन आलेली शेजारच्या शेतावरची एक म्हातारी. तिनं विचारलं, "पाय गारठतील की तुमचे! काही हरवलंय का?"

"नाही. देऊळ आहे ना, म्हणून."

"जन्मभर इथे राहतेय. बूट काढणारा तुम्हीच पहिला," ती म्हणाली आणि कुत्र्याला बाहेरच धरून उभी राहिली.

वेदीवर कुणीकुणी नाणी ठेवली होती. मी खिशातली खडीसाखर ठेवली, हात जोडले. गाडीत बसून मी हीटरसमोर पाय धरले, तेव्हा केतकीनं हळूच सांगितलं, "बाबा, ती दगड खरी नाहीये. काँक्रीटची कॉपी आहे. खरे न्यूकॅसलच्या म्युझियममध्ये आहेत. तू एवढा सीरियस होतास, मला बोलता नाही आलं."

मला हसू आलं. आमच्याकडेही टाक झिजला की सोनाराकडून नवा करून घेतात आणि जुना पाण्यात सोडतात. नव्याला कोणी खोटा म्हणत नाही. त्याला रोज कुणीतरी आंघोळ घालतं, एवढं पुरतं.

रात्र हेक्समला काढली. घरगुती बी-अँड-बी, खोली साधी, नाश्ता भरपूर. शाकाहारी असल्याचं आधी सांगितलंत तर मश्रूम आणि टोस्ट मिळतो.

शनिवारी न्यूकॅसलचं म्युझियम पाहिलं. तिथे देवळाची अख्खी प्रतिकृती अंधाऱ्या खोलीत उभी आहे. खऱ्या वेद्यांपैकी एकीवर सूर्यमुखी देव कोरलाय. त्याच्या किरणांना आरपार भोकं आहेत, मागे दिवा ठेवला की किरण उजळतात. इथेही तसा दिवा लावला होता, विजेचा. सगळं जपलेलं, पुसलेलं, प्रत्येकाखाली माहिती लिहिलेली. मी बराच वेळ थांबलो, पण हात जोडावेसे वाटले नाहीत. खडीसाखरेची पुडी खिशातच राहिली.

"मग त्या पलटणीनं जाताना देव नेला का नाही?" मी विचारलं.

"नंतर कुणीतरी मुख्य मूर्ती फोडली. बहुतेक ख्रिश्चनांनी, पण नक्की माहीत नाही," केतकी म्हणाली. मग थोडं थांबून, "बाबा, काका विचारतो ते... आपल्या देवांचं?"

मी खिशातून गाडीची किल्ली काढली. परतीच्या वाटेवर पाऊस होता.

या सहलीतून काय उरलं म्हणाल, तर ती भिंत नाही. एवढ्या मोठ्या राज्याचे शिपाई आपला देव इतक्या लांब घेऊन आले, आणि त्याला पुढे कोणाच्या हाती द्यायचं हे ठरवायचं राहून गेलं. ते मनातून जात नाही.

रविवारी सकाळी गावी फोन लावला.

"पाठव," मी म्हणालो.

"आणि तुझ्यानंतर?"

केतकी शेजारीच उभी होती. तिनं रिसीव्हर घेतला.

"काका, मला पूजा येत नाही. रोज करेन असा प्रॉमिस नाही देत. पण माझा लग्न झाला तरी ते माझ्या घरी येतील, सासरचे काहीही म्हणू देत. आणि नाहीच जमला तर मी स्वतः गावाला आणेन, नदीत सोडायला. म्युझियमला देणार नाही."

तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"म्युझियमचं काय म्हणतेय रे ही?" दादानं विचारलं.

"सांगेन सावकाश. बापूजवळ दे तू."

"बरं," दादा म्हणाला. "मग उद्या सकाळी शेवटची पूजा करतो आणि बांधून देतो."

"शेवटची कशाला म्हणतोस, दादा?"