एक्केचाळीस मीटर

संक्रांतीनंतरचा सोमवार, सकाळचे सात. सतरा हजार आठशे रुपयांची डिजिटल दुर्बीण, छऱ्याच्या बंदुकीवर चार दिवसांपूर्वी बसवलेली. हजर कोण? मी आणि एक कुत्रा. त्या सकाळीला आता तीन वर्षं झाली. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी भाजीचे उरलेले सुटे पैसेसुद्धा मोजून परत देणारा माणूस आहे.

आमची सोसायटी कोथरूडमध्ये, जुनी, तीन मजली. मागच्या आवारात घुशी झाल्या होत्या. फरशा खचल्या, दोन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या गेल्या. विष घालायला कमिटी तयार नव्हती, पिंजऱ्यात घूस येत नव्हती. मी सेक्रेटरी. माझ्याकडे बंदूक होती, तळमजल्यावरची गॅलरी होती. मी म्हटलं, मी बघतो.

मी जे करतो ते मोजून करतो. टेप लावून सगळं आवार मोजलं. गॅलरीपासून नळ बारा मीटर, बकुळीचं झाड चोवीस, मागची भिंत एक्केचाळीस. मग ती दुर्बीण आणली. बटण दाबलं की समोर अंतराचा आकडा येतो आणि त्या अंतराला नेम कुठे धरायचा ते टिंब आपोआप सरकतं. एका दुपारी वीस छर्रे झाडून मी ती जुळवली. प्रत्येक छऱ्याची वहीत नोंद. तारीख, अंतर, काय लागलं.

आता सोनवणेबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. बंड्या नावाच्या भटक्या कुत्र्याला त्या रोज बकुळीखाली दूधभात घालायच्या. उरलेल्या भातावर घुशी येतात, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सभेत सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ढवळे, घुशींना तुम्ही मारा, कुत्र्याला मी जेवू घालते. आपापली कामं वाटलेलीच आहेत."

सगळे हसले. चेअरमन तर चष्मा पुसेपर्यंत हसले.

एवढंच. खरंच एवढंच होतं. एखादा माणूस एवढ्यावरून काही करतो का? मीही केलं नसतं — असं मला वाटायचं.

पण मी एक नियम केला. चाळीस मीटरच्या पुढे छऱ्याचा जोर संपतो, कुत्र्याला नुसता चटका बसेल, पुन्हा आवारात येणार नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. चाळीसच्या आत असेल तर चाप ओढायचा नाही. नियम केला की मला बरं वाटतं. आपण दुष्टपणा करत नाही, हिशेबाने वागतो आहोत असं वाटतं — कळतंय ना, मी काय म्हणतोय?

त्या सकाळी घुशीची वाट बघत बसलो होतो. बाई भात ठेवून वर गेल्या. बंड्या खायला लागला, माझ्याकडे पाठ करून. मी त्याच्या मांडीवर नेम धरला, बटण दाबलं. आकडा आला — एक्केचाळीस.

मी चाप ओढला. त्याच क्षणी त्याने मान मागे वळवली. छर्रा उजव्या डोळ्यात गेला.

नेम चुकला, असं मी स्वतःला कितीतरी महिने सांगितलं. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट — तो बकुळीखाली होता. बकुळ चोवीस मीटरवर आहे. टेपचं एक टोक मीच धरलं होतं. दुर्बिणीतला अंतर मोजणारा किरण त्याच्या पाठीवरून जाऊन मागच्या भिंतीला लागला होता. तो आकडा भिंतीचा होता. आणि हे मला चाप ओढण्याआधी कळलं होतं. नंतर नाही. आधी. पुन्हा बटण दाबायला एक सेकंद लागला असता. मी दाबलं नाही, कारण मला हवा होता तो आकडा मिळाला होता.

त्याचं ओरडणं ऐकून बाई खाली येईपर्यंत मी काय केलं? वही उघडली आणि लिहिलं : बारा मीटर, नळाजवळ, घूस, नेम चुकला, छर्रा मातीत. मग बाहेर धावलो.

माझ्याच गाडीतून आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "छर्रा आहे. डोळा काढावा लागेल." बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"ढवळे, तुमचा नव्हे ना?"

मी खिशातून वही काढली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, सावकाश, बँकेत वाचत असतील तशी.

"नाही हो, विचारायला नको होतं मी," त्या म्हणाल्या. "तुमचे आकडे कधी चुकत नाहीत."

मी काय उत्तर दिलं? "असू दे" म्हणालो. मोठ्या मनाने.

बंदूक मी त्याच आठवड्यात माळ्यावर टाकली. बाईंना वाटलं, बंड्याचं बघवलं नाही म्हणून. सभेत त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, आणि या वेळी कोणी हसलं नाही. बंड्या अजून आहे. एका डोळ्याने बघतो. मला पाहून शेपूट हलवतो, कारण गाडीतून मीच नेलं होतं.

डॉक्टरांचं बिल बाईंनी भरलं, पेन्शनमधून, सहा हजार चारशे. मी शेजारी उभा होतो. घरी परतल्यावर गाडीतून उतरताना त्यांनी दोनशे रुपये माझ्या हातात ठेवले — पेट्रोलचे, आणि सीटला रक्त लागलं होतं त्याच्या धुलाईचे.

मी घेतले.