दहा सेकंद, एका पायावर

इस्रायलमधल्या लोदच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. म्हातारी माणसं प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबतात आणि थांबली की बोलतात. मी नवी सून, ठाण्याहून आलेली, बोलणं कमी, पिशव्या घेऊन मागं उभी. किस्से आपोआप साठत जातात!

सासूबाई हिवाळ्यात बाथरूममध्ये पडल्या. हाड वाचलं. पण थोरले दीर शिमोन पेताह तिक्वाहून येऊन आईला हिब्रू वळणानं सांगून गेले, "इमा, पुन्हा पडलीस तर सरळ वृद्धाश्रम!"

दवाखान्यातल्या फिजिओनं कागद दिला. खुर्ची धरून एका पायावर दहा सेकंद, मग टाचा उचलून चवड्यांवर. रोज. ते करून घ्यायचं काम माझ्याकडं, कारण मी उलट उत्तर देत नाही!

सासूबाईंनी कागद भिंतीवर चिकटवला आणि समोर बसल्या.

"आई, करायचं ना?"

"आधी वाचू तर दे गो!"

वाचनात आठवडा गेला. कागद एका पानाचा होता.

*

मग म्हणाल्या, "तू करून दाखव. मला नीट कळलं नाही."

मी केलं. "आता दुसरा पाय!" तोही केला. पंधरा दिवस मी एका पायावर आणि सासूबाई सोफ्यावर बसून आकडे मोजतायत!

फिजिओचा फोन आला. सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "आमच्या घरात एक दिवस खाडा नाही!"

*

खालच्या मजल्यावरच्या डॅनियलकाकांनाही तोच कागद मिळाला होता. "टाचा उचलू? माझे गुडघे गेले, पोरी!"

शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेत 'कादोश, कादोश, कादोश' आलं, दर 'कादोश'ला टाचा उचलायची रीत, आणि काका कशालाही न धरता तीनदा चवड्यांवर! मी बायकांच्या गॅलरीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात हळूच म्हटलं, "काका, घरीही तेच म्हणत टाचा उचला की."

"दहा पुरुष जमल्याशिवाय ते म्हणता येत नाही! आण नऊ जण!"

*

एका सकाळी स्वयंपाकघरात डोकावले. सासूबाई कांदा परततायत, एका पायावर! मला पाहताच पाय खाली.

"मुंगी चावली," म्हणाल्या.

त्यानंतर ती मुंगी रोज चावायची. फक्त कांदा परतताना.

*

परवा शुक्रवारी शिमोनभाऊजी वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन आले. "सही कर, इमा. जागा भरतायत."

"मी पडले कुठं पुन्हा?"

"पडशील! एका पायावर उभी राहून दाखव, मग बोल."

सासूबाई उठल्या. खुर्ची न धरता पाय उचलला. मी मनात मोजत होते. दहा झाले, पंधरा झाले. विसाला त्या म्हणाल्या, "आता तू."

भाऊजी हसले. पाय उचलला. चाराला डगमगले, पाचाला पडदा धरला आणि सहाला पडदा, दांडी आणि भाऊजी, तिघं जमिनीवर!

सासूबाईंनी पाय सावकाश खाली ठेवला. चष्मा लावला, फॉर्म पुढ्यात ओढला.

"पेन दे गो," मला म्हणाल्या. "शिमोनचं एकट्याचं नाव लिहू, की बायकोचंही?"