खिडकीले तिजोरी कायले?

संगणकाच्या डोक्यावर टपली मारून ते विचारायचे, "खिडकीले तिजोरी कायले पाह्यजे बे?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या संगणकाकडे वळायचे.

तुमच्याही तालुक्यात असा एक जण असेल. खिशात स्क्रूड्रायव्हर, गळ्यात पेनड्राइव्ह, शिक्षण आयटीआय, पण सारं गाव 'इंजिनेर' म्हणतं. आमचे खामगावचे होते. बोंडअळीनं बीटीची कपाशी खाल्ली त्या साली तक्रारी घ्यायला तालुका कृषी कार्यालयात अकरा खिडक्या उघडल्या. त्या खिडक्यांवरच्या जुनाट संगणकांत प्रोग्राम टाकायचं काम त्यांना मिळालं.

प्रोग्रामसोबत प्रत्येक संगणकात एक डेटाबेसही आपोआप बसायचा. तक्रारी साठवायची तिजोरीच म्हणा. त्यांनी तिजोरी एकच ठेवली, मागच्या खोलीतल्या मोठ्या संगणकात. खिडक्यांवर नुसता प्रोग्राम. त्यानं जुनी यंत्रंही पळायची, आणि कुठल्याही खिडकीवर नाव सांगा, तक्रार हजर.

हे मला आज कळतं. तेव्हा मी शेतकऱ्यांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायचो. एकदा कार्यालयातल्या टेबलावर त्यांची यादी दिसली. खिडकी एक, डेटाबेस काढला. खिडकी दोन, डेटाबेस काढला. अकराच्या अकरा. काढला! माझं डोकंच फिरलं. माणूस समोर उभा होता. त्याला विचारायचं सोडून मी प्रेसवर गेलो. 'तक्रारी गिळणारा हा कोण?' खाली त्यांचं नाव, ठळक.

तिसऱ्या दिवशी पत्रक हातात घेऊन ते चौकात आले. मला वाटलं, मारतात आता.

"डेटाबेस शब्द बराबर लिवला तू. बाकी सारं चुकलं. चाल."

सात नंबरच्या खिडकीवर नेलं. "मायचं नाव सांग."

सांगितलं. आईनं तीन नंबरवर दिलेली तक्रार समोर उभी राहिली, गट नंबरासकट.

"काढला म्हंजे इथून काढला. मांगच्या खोलीत हाये ना सारं. मले काऊन नाही इचारलं बे?"

मी म्हणालो, "दुरुस्तीचं पत्रक काढतो."

"हाव. काढ."

नाही काढलं. संघटनेतले म्हणाले, माघार घेतली तर उद्या आपलं कोण ऐकेल? मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. बोभाटा नको म्हणून कार्यालयातल्या साहेबांनी इंजिनेरांचं काम काढून घेतलं. ज्याचं नाव भिंतीभिंतीवर, त्याला दुसरं काम कोण देणार? ते सुरतेला निघून गेले.

नव्या ठेकेदारानं खिडकीखिडकीत तिजोरी बसवली. आता सातवर दिलेली तक्रार तीनवर सापडत नाही. परवा रांगेत एक म्हातारा भिंतीकडे बोट करून म्हणाला, "ह्याच मान्सानं सारं काढलं म्हंतेत."

भिंतीवर माझंच पत्रक होतं. रांग सोडून मी ते नखानं खरवडायला लागलो. माझा मथळा निघाला. त्यांचं नाव निघेना. खळ पक्की होती. मीच शिजवली होती.