पुढचं सूप, मागची सोंड

बाळांनो, मागच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा घरामागच्या गंजक्या लोखंडी सोंडेवर चढून फोटो काढलेत आणि हे काय आहे म्हणून विचारलंत. मी म्हटलं, जुनं मशीन आहे, उतरा, कपडे खराब होतील. ते काही उत्तर नव्हतं. आता भंगारवाला ती सोंड कापून न्यायला येणार आहे, म्हणून त्याआधी लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं इंग्रजी बोलत नव्हती. सावकाश वाचा.

तुमच्या आजोबांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची वाडी एकच होती आणि तिच्या मधोमध बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं खोल तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत जिरायचं, आणि उन्हाळ्यात तळाच्या झऱ्यांतून पुन्हा वर यायचं. समुद्र एवढा जवळ असून आमच्या विहिरी गोड राहिल्या त्या या बावखलामुळे. आजोबा मुंबईला कचेरीत होते, मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. आमचं पोट पगारावर चालायचं. थोरल्या दिरांचं पोट मात्र सगळं त्या पाण्यावर होतं. त्यांची पानवेल होती, मोगरा होता, थोडी केळी. पानवेलीला पाणी उशिरा मिळालेलंही चालत नाही.

दर उन्हाळ्याच्या शेवटी बावखलातला गाळ उपसायचा. आळीतली घरं घमेली घेऊन यायची. पुरुष गाळात उतरायचे, बायका काठावर रांगेने उभ्या राहायच्या. गाळ ज्याला हवा त्याने आपल्या वेलींना न्यायचा. दुपारी आमच्या दोन्ही घरांच्या चुलींवर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण व्हायचं. पण एक होतं. घरोघरी जाऊन बोलावणं करावं लागायचं. बोलावलं की कोणी नाही म्हणायचं नाही, आणि न बोलावता कोणी यायचं नाही.

आमच्या वाट्याचा मागचा तुकडा केवडा, घायपात आणि बांबूच्या बेटांनी भरून गेला होता. आजोबांना तिथे चिकू लावायचे होते. तोवर इकडे इमारतींची कामं सुरू झाली होती आणि जमीन साफ करायला मजूर मिळेनासे झाले होते. आजोबांना कोणीतरी सांगितलं की ठाण्याकडे एक कंत्राटदार त्याचं जुनं खोदायचं मशीन विकतोय. पिवळं, ट्रॅक्टरसारखं, पुढे माती ढकलायला मोठं सूप आणि मागे खोदायला सोंड. कंत्राटदार इंग्रजी झाडतो असं कळल्यामुळे आजोबा मला घेऊन गेले.

त्याच्या चालकाने पुढच्या सुपाने मातीचा एक ढीग सहज सरकवून दाखवला. आजोबांचा चेहरा जत्रेतल्या मुलासारखा झाला. मी कंत्राटदाराला म्हटलं, मागचा भागही चालवून दाखवा. तो म्हणाला, मागच्या सोंडेच्या तेलाच्या नळ्या बदलायला काढल्यात, नव्या नळ्या मशीनबरोबर देतो, घरी बसवून घ्या. मी आजोबांना बाजूला घेतलं.

"अहो, नळ्या बसवू द्या. आपण पुढच्या रविवारी येऊ."

"तू त्याच्याशी इंग्रजी बोल. मशीनचं मी बघतो."

"बघायचंच तर दोन्हीकडून बघा. बैल घेतानाही दात बघतात."

"हा बैल नाही."

"म्हणून तर म्हणते."

मशीन घेतलं. आजोबा नंतर आयुष्यभर म्हणत राहिले की तुझ्या इंग्रजीमुळे सौदा चांगला झाला.

तुकडा साफ करायला पुढचं सूप पुरत होतं, म्हणून नळ्या पडवीत पडून राहिल्या. केवडा गेला, बेटं मुळांसकट उपटली गेली. हा सगळा राडा टाकायचा कुठे? रोजंदारीवर ठेवलेल्या चालकाला आजोबांनी बावखलाकडे हात केला. मोठ्या जाऊबाई तेव्हा तिथे आपल्या दगडावर धुणं धूत होत्या. माझा दगड त्यांच्या शेजारीच होता. त्या ओल्या हातांनी उठल्या.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"तात्पुरतं आहे, वहिनी. मागच्या सोंडेने सगळं बाहेर काढणार. यंदाचा गाळही मशीनच काढेल, तुम्ही नुसतं बघा."

"मग तिकडे रस्त्याकडेला टाका ना. पाण्यात घालून पाण्यातून काढायचं, हे कुठलं शहाणपण?"

"वहिनी, तुम्हाला मशीन कळत नाही."

"नाही बाबा. मला पाणीच कळतं."

दिरांनी त्यांना गप्प केलं. "राहू दे गं. तो काढतो म्हणतोय ना!" धाकट्या भावाच्या शब्दावर त्यांनी आपली पानवेल ठेवली.

त्या वर्षी आजोबांनी आळीत बोलावणं केलं नाही. उलट नाक्यावर सांगितलं, "यंदा घमेली घरीच ठेवा. आमच्याकडे मशीन आहे." मग नळ्या बसवल्या. सोंड अर्धी वर गेली, थरथरली आणि खाली पडली. तेल भळाभळा जमिनीवर गेलं. मेकॅनिकने बघून सांगितलं की आतला दांडा फुटलेला आहे, कोणीतरी जोड देऊन वरून रंग लावलाय, आणि नवा इथे मिळणार नाही. कंत्राटदार तोवर आवार सोडून गेला होता, नवा पत्ता कोणाला माहीत नव्हता.

पावसाळा तोंडावर आला होता. तेव्हा आजोबा घरोघर गेले. मी बरोबर होते. पहिल्याच घरातला म्हातारा सुपारी कातरत म्हणाला, "घमेलं? ते घरीच ठेवलंय, तुम्ही सांगितलंत तसं." पुढच्या घरी ओटीवरूनच विचारणा झाली, "का हो, मशीनचं पोट दुखतंय का?" आत बायका हसल्या. कोणी आलं नाही. दीर, जाऊबाई, मी आणि आजोबा, चौघांनी जमेल तेवढं काढलं. बांबूच्या मुळ्या हाताने निघत नव्हत्या. मग पावसाने उरलेला ढिगारा तळाशी नीट पसरवून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात झरे वर आले नाहीत. बावखल लवकर आटलं, दिरांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. पानवेल आधी पिवळी पडली, मग गेली. मी आमच्या नळाचे हंडे त्यांच्या अंगणात नेऊन ठेवायचे. जाऊबाई ते मातीत ओतून रिकामे परत पाठवायच्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत.

दोन-तीन वर्षांत दिरांनी त्यांचा भाग बिल्डरला विकला. बावखलाचा अर्धा भाग त्यातच गेला. मग बिल्डरचा माणूस आमच्या ओटीवर आला. त्याला मशीन भाड्याने हवं होतं.

आजोबा म्हणाले, "त्याची मागची सोंड बंद आहे."

"मागची कोणाला पाहिजे, काका? भरणीच करायचीय. पुढचं चालतंय ना?"

मी आतून म्हटलं, "अहो, तुमच्या भावाचा भाग आहे तो. देऊ नका."

"मी नाही दिलं तर दुसरा देईल," असं म्हणून आजोबांनी किल्ली दिली. बंद सोंड सोडवून घरामागे टाकली. आपली जमीन साफ करायला घेतलेल्या त्या मशीनने भावाच्या वाट्याचं बावखल दोन दिवसांत सपाट केलं. नंतर आसपासची आणखी कितीतरी बुजवली. जाऊबाई एका दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्या असताना मी एकदा भेटायला गेले, तेव्हा दार उघडलं त्यांच्या सुनेने. तिने मला बसवलं, चहा दिला. आत त्यांचा पलंग करकरत होता, म्हणजे त्या जाग्या होत्या. जाऊबाई बाहेर आल्या नाहीत.

तुमच्या वडिलांना यातलं अर्धंच माहीत आहे. आजोबांना मी कधी माफ केलं नाही. ते त्यांना माहीत होतं, आणि आम्ही शेवटपर्यंत एकाच ताटात वाढून घेत राहिलो. संसार असाही होतो, हे तुम्ही कधी ना कधी बघाल.

मागच्या तुकड्यातली चिकूची झाडं आहेत, पण फळ बारीक धरतं. आमच्या बाजूचा बावखलाचा खोलगट भाग आहे. जोराचा पाऊस झाला की तिथे घोट्याएवढं पाणी साचतं आणि काही दिवस राहतं. माझा धुण्याचा दगड काठावर जागेवरच आहे. जाऊबाईंचा दगड बिल्डरच्या भिंतीखाली गेला. त्याची एक कड आमच्या बाजूने अजून दिसते.