तोफ्या कुणाचा?

भिमाजीचा मार न खाल्लेला माणूस अख्ख्या राजुरीत शोधून सापडला नसता. नव्वदच्या दशकात जुन्नर-आंबेगावात विहिरींचं नुसतं पेव फुटलं होतं. खोदताना काळा खडक लागला की सुरुंग लावायला बोलावणं जायचं ते भिमाजीला. धंदा दारूगोळ्याचा आणि डोकंही तसलंच, ठिणगी पडायचा अवकाश. मजुरी बुडवणाऱ्या एका मुकादमाला त्यानं भर दुपारी रस्त्यात आडवा पाडून तुडवला, आणि तो शुद्धीवर आल्यावर त्याच्याच पैशानं चहाही पाजला. असा माणूस. बायको कधीच माहेरी निघून गेली होती, पोर ना बाळ.

सोनीबाई त्याच्याच टोळीत डबर वाहायची, म्हणजे सुरुंगानं फुटलेले दगड विहिरीबाहेर काढून टाकायची. नवरा गेलेली, हाडापेरानं मजबूत, आणि तोंडाचा पट्टा सुटला की भिमाजीसुद्धा मान खाली घालायचा. तिचं जगात एकाच जिवाशी वाकडं होतं. भिमाजीच्या कुत्र्याशी, तोफ्याशी.

हा तोफ्या विहिरीतच सापडलेला. वाती पेटवून भिमाजी निघाला, तर कपारीत पिल्लू केकाटलं. कुणा हरामखोरानं वरून फेकलं असेल. शहाणा माणूस वर पळाला असता. हा मागं फिरला, पिल्लू सदऱ्यात कोंबलं, आणि अर्ध्या वाटेत असतानाच पहिला बार उडाला. दगडाच्या कपच्यानं भिमाजीचा डावा कान अर्धा तोडून नेला. तेव्हापासून भिमाजी खाली उतरला की तोफ्या मागं उडी टाकायला बघायचा, म्हणून कुणीतरी त्याची साखळी धरायला लागायची. यारीच्या, म्हणजे विहिरीत माणसं-दगड खालीवर करणाऱ्या क्रेनच्या, बकेटात पाय ठेवण्याआधी भिमाजी साखळी धरणाऱ्याला विचारायचा, "मी वर आलो न्हाई तर ह्यो कुनाचा?"

समोरच्यानं "माजा" म्हटल्याशिवाय तो उतरायचा नाही. मालक ओरडो, मुकादम ओरडो.

"माजा, माजा! जा आता!" लोक हसत म्हणायचे. असे तोफ्याचे वारस गावोगाव झाले होते. भिमाजीला मात्र प्रत्येक शब्द खरा वाटायचा. मारकुटी माणसं कधीकधी फार भाबडी असतात.

एकदा साखळी सोनीबाईच्या हातात आली. ती म्हणाली, "मी न्हाई म्हननार. ह्या मुडद्यानं माजी पोटरी फाडलीया. आन् एकदा तोंडातनं गेलं की पाळावं लागतं." भिमाजीनं रागानं साखळी हिसकून दुसऱ्याला दिली.

मग बेल्ह्याची विहीर आली. तिथं साखळी धरली ट्रॅक्टरवाल्या नानासाहेबानं, आणि सगळ्यांत मोठ्यानं "माजा" तोच म्हणाला. एक बार वेळेआधीच उडाला. धूर, धुरळा, आणि खालून आवाज नाही. तोफ्या विहिरीकडं झेपावला, नानासाहेबाच्या मनगटाला कडकडून चावला. नानासाहेबानं पहार उचलली आणि कुत्र्याच्या पाठीत, तंगडीवर हाणत सुटला. "मालक तर मेला, आता तूबी मर!"

मालक मेला नव्हता. रक्तानं माखलेला भिमाजी कठड्याला धरून वर आला आणि त्यानं ते ऐकलं. तीच पहार घेतली आणि नानासाहेबाच्या दोन्ही नडग्या फोडल्या. हाड मोडल्याचा आवाज सोनीबाईनं लांबून ऐकला. खोटं कशाला सांगा, तिला त्यात बरं वाटलं.

भिमाजी तुरुंगात गेला. जाताना त्यानं एकेक वारस आठवून निरोप धाडला. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "आवं पावणं, ती मस्करी व्हती." तंगडी मोडलेला तोफ्या फाट्यावर पडून होता. सोनीबाई रोज तिकडं जायची, शिव्या घालत लांबून भाकरी फेकायची आणि निघून यायची.

सुटून आल्यावर भिमाजी थेट तिच्या दारात उभा राहिला. "सोने, बाकी समदे खोटे निघाले. आता तूच म्हन."

"न्हाई."

"का?"

"मी म्हनले की तू मरायला मोकळा. न्हाई म्हनत. तुजं कुत्रं हाये, तूच ये वर."

तेव्हापासून साखळी तिच्याच हातात. तो विचारायचा, ती "न्हाई" म्हणायची, तो शिव्या देत उतरायचा आणि दर खेपेला वर यायचा. बकेटातून त्याचं डोकं दिसलं की सोनीबाई साखळी त्याच्या अंगावर फेकायची आणि पदरानं तोंड पुसायची. लोक काहीबाही बोलायचे. बोलेनात का.

महाळुंगे पडवळला एक बार उडायचा राहिला. अशा वेळी थांबायचं असतं, आणि भिमाजी थांबलाही. पण विहिरीचा मालक येऊन म्हणाला, "घाबरला का काय राव?" बस्स. भिमाजीनं त्याच्या कानाखाली वाजवली आणि बकेटात पाय टाकला.

"सोने, ह्यो कुनाचा?"

"न्हाई सांगत! उतरू नको, भाऊ, उतरू नको!"

तो हसला आणि खाली गेला. बार उडाला.

तोफ्या असा उसळला की सोनीबाई कठड्यापर्यंत फरपटत गेली. तिनं साखळीचा वेढा मनगटाला दिला. त्यानं तिचा हात धरला, दात पार हाडाला लागले. तिनं सोडलं नाही.

भिमाजीला वर काढला तेव्हा छाती उघडी पडली होती, एक डोळा गेला होता. मंचरला न्यायला जीप येत होती, पण तिची वाट बघण्यात अर्थ नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं. तरी जीव जाईना. उरलेला डोळा सोनीबाईवर, ओठ हलतायत, आवाज नाही. काय विचारतोय ते तिला कळलं.

"न्हाई म्हननार मी," ती ओरडली. "ऊठ! ऊठ आधी!"

तो तिच्याकडं बघतच राहिला. घशातून रक्ताचे बुडबुडे येत होते.

मुकादम रडायला लागला. "म्हन की गं बाई. सुटू दे त्याला."

सोनीबाई त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. तोफ्याचे दात अजून तिच्या हातात रुतलेले होते. तो हात तिनं तसाच भिमाजीच्या छातीवर ठेवला.

"माजा," ती म्हणाली. "माजा हाये, भाऊ. जा आता."